ऋण आणि भांडण : अद्भुतकथेचे वारसदार

इंग्रजी बालवाङ्मयात कपाटात शिरणाऱ्या दोन मुली आहेत. पहिली ल्यूसी. सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या पुस्तकात ती घर धुंडाळताना एका जुन्या कपाटात शिरते, आत टांगलेल्या फरकोटांतून चाचपडत पुढे जाते आणि बर्फाने झाकलेल्या नार्नियाच्या भूमीवर पाऊल ठेवते. दुसरी लायरा. फिलिप पुलमन यांच्या १९९५ सालच्या 'नॉर्दर्न लाइट्स' या कादंबरीच्या आरंभीच ती ऑक्सफर्डच्या एका कॉलेजातील दालनात, विद्वानांच्या झग्यांनी भरलेल्या कपाटात लपते. वडीलधाऱ्या प्राचार्यांना आपल्या काकांच्या मद्यात विष कालवताना तिने नुकतेच पाहिलेले असते. कपाटाच्या फटीतून तिला पडद्यावरचे एक छायाचित्र दिसते आणि त्यात, उत्तर ध्रुवाकडील प्रकाशझोतांच्या आड, दुसऱ्या जगातले एक नगर. कपाट, लहान मुलगी आणि पलीकडचे जग या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे आहेत. बदलला आहे तो मोठ्या माणसांवरचा विश्वास.

हा योगायोग असावा असे आम्हांला वाटत नाही. कारण पुढे १९९८ साली, लुईस यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, याच पुलमन यांनी 'गार्डियन' या वृत्तपत्रात नार्नियावर असा हल्ला चढवला की शताब्दीच्या आरत्यांत तो एखाद्या शिवीसारखा घुमला. ही पुस्तके स्त्रीद्वेष्टी आहेत, त्यांना मुलांचे मोठे होणे सहन होत नाही, जगण्यापेक्षा मरणे त्यांना बरे वाटते, असा त्या लेखाचा एकूण सूर होता.

पुलमन यांची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत की नाही, असे पालक आम्हांला अधूनमधून विचारतात. त्यांच्या कथात्रयीतील ख्रिस्तसभा क्रूर आहे, आणि जो 'परमेश्वर' म्हणून मिरवतो तो शेवटी जराजर्जर होऊन हवेत विरून जातो. तेव्हा पालकांची काळजी रास्तच. मात्र आम्हांला त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या घराच्या काचा फोडायच्या, त्याच घराच्या नकाशावर हा लेखक स्वतःचे घर का बांधतो?

उसन्या नकाशाबद्दल पुलमन यांना दोष देण्याचा अधिकार आपणा मराठी ख्रिस्ती वाचकांना तर मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त संतकवींची ओवी घेतली, पुराणाची घडण घेतली आणि आशय मात्र आपला ओतला. कोणी परंपरा अशी उलटी वळवली की ती मोडली असे आपण म्हणत नाही. मग पुलमन यांनाच वेगळा न्याय का?

अद्भुतकथेच्या मूळपुरुषांकडे पाहिले तर त्यांच्याही घरी हेच चालले होते असे दिसते. स्कॉटिश उपदेशक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांची 'फँटास्टीस' ही कादंबरी १८५८ सालची. सतरा-अठरा वर्षांच्या नास्तिक लुईस यांनी ती १९१६ साली एका रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात घेतली. पुढे श्रद्धावंत झाल्यावर त्यांनी मॅकडोनाल्ड यांना जाहीरपणे आपले गुरू मानले. लुईस यांचे मित्र जे. आर. आर. टॉल्किन यांचाही ओढा सुरुवातीला तिकडेच होता. त्यांच्या 'हॉबिट'मधील गॉब्लिनांवर मॅकडोनाल्ड यांची छाप आहे. परंतु १९६० नंतरच्या दशकात एका प्रकाशकाने मॅकडोनाल्ड यांच्या 'द गोल्डन की' या कथेला प्रस्तावना मागितली, म्हणून टॉल्किन यांनी ती कथा पुन्हा वाचली, आणि ती त्यांच्या मनातून साफ उतरली. प्रस्तावना अपुरी राहिली. मित्राच्या नार्नियाविषयीही त्यांचे मत प्रतिकूलच होते. सांगायचे एवढेच, की पुढे ज्यांच्यावर दगड पडले ते स्वतःही कोणाच्या तरी अंगणात दगड टाकून आलेले होते.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली तीन खंडांत आले. त्यानंतर जे घडले ते हल्ल्याहून वाईट होते. नकलाकारांची रांग लागली. १९७७ साली टेरी ब्रुक्स यांच्या 'द सोर्ड ऑफ शॅनारा'ने सिद्ध केले की तोच प्रवास, तोच वृद्ध मार्गदर्शक आणि तोच काळोखाचा अधिपती पुन्हा मांडला तरी तडाख्याने खपतो. टॉल्किन यांना झटकून टाकणे कोणालाच शक्य नव्हते. टेरी प्रॅचेट यांनी त्यांना जपानी चित्रांतील फुजी पर्वताची उपमा दिली होती: तो दूर असो वा जवळ, चित्रात असतोच, आणि एखाद्या चित्रात नसेल तर चित्रकाराने तो मुद्दाम वगळला असे समजावे, अथवा चित्रकार त्या पर्वतावरच उभा आहे असे समजावे.

या पर्वताशी सर्वांत सुदृढ नाते जोडले ते उर्सुला ले ग्विन यांनी. टॉल्किन आपल्या हाती पंचविशीच्या सुमारास पडले, म्हणजे स्वतःची वाट थोडीफार सापडल्यावर, हे त्या आपले भाग्य समजत. तीन मुलांसाठी तीन वेळा त्यांनी ती जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचून काढली, आणि त्या वाचनातून तिच्या गद्याच्या लयीवर एक सुंदर निबंध लिहिला. तरीही त्यांच्या १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चा नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे. उत्तर युरोपच्या गोऱ्या वीरांची ती दुनिया त्यांनी न भांडता बाजूला ठेवली. पुढे १९९० साली 'तेहानू'मध्ये त्यांनी आपल्याच अर्थसीची झडती घेतली: जादूगारांच्या या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश का नाही, आणि हे मला तेव्हा कसे खटकले नाही? पूर्वसूरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्यांपैकी किती जण स्वतः त्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतात?

आता खऱ्या फिर्यादीकडे वळू. ती मायकल मूरकॉक यांनी १९७८ साली 'एपिक पू' या निबंधात दाखल केली. 'पू' म्हणजे ए. ए. मिल्न यांचे मध खाणारे अस्वल. निबंधाचे म्हणणे असे, की टॉल्किन यांचे महाकाव्य हे त्या अस्वलाच्या गोष्टीचेच मोठे रूप. मुलांना पांघरूण घालून झोपवणारी ती भाषा आहे. ती वाचकाला जागे करण्याऐवजी गोंजारते. पुढे चायना मिएव्हिल यांनीही हाच मुद्दा अधिक कडक शब्दांत मांडला (आणि २००९ साली, काहीशा उपरतीने, टॉल्किन यांची थोरवी सांगणारी टिपणेही लिहिली). सगळ्या फिर्यादीचा गाभा एका शब्दात आहे: सांत्वन. साहित्याने सांत्वन करावे काय?

टॉल्किन यांचे उत्तर आधीच दिलेले होते. १९३९ साली सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी म्हटले होते की सांत्वन हे परीकथेचे लांच्छन नसून तिचे कार्य आहे. सर्व काही बुडाले असे वाटत असताना अकस्मात येणारे आनंदाचे वळण हा तिचा प्राण. या व्याख्यानाच्या छापील रूपाला जोडलेल्या उपसंहारात त्यांनी स्पष्टच लिहिले, की ख्रिस्ताचा जन्म हे मानवी इतिहासातील असे वळण आणि पुनरुत्थान हे त्या जन्मकथेतील. म्हणून हा वाद निव्वळ शैलीचा नाही. मूरकॉक ज्याला अंगाईगीत म्हणतात त्याला टॉल्किन शुभवर्तमानाचा दूरचा प्रतिध्वनी म्हणतात. दोघांत मधली जागा फार थोडी आहे.

हे सांत्वन कोणी सुखासीन माणसाने सांगितलेले नाही, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. टॉल्किन चार वर्षांचे असताना वडील गेले. आईने १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ साली मधुमेहाने तीही गेली, आणि बारा वर्षांच्या या मुलाला व त्याच्या धाकट्या भावाला बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी सांभाळले. १९१६ साली सोमच्या रणांगणावर तो होता. महायुद्ध संपेतो जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता.

पण लेखकाने भोगले म्हणून त्याचे सांत्वन खरे ठरत नाही; ते पुस्तकात खरे ठरावे लागते. इथे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा आक्षेप आम्हांला मूरकॉक यांच्याहून अधिक बोचतो, कारण तो प्रेमातून आलेला आहे. कॅथलिक घरात वाढलेले आणि पुढे श्रद्धेपासून दूर गेलेले मार्टिन टॉल्किन यांचे ऋण उघडपणे मान्य करतात. त्यांना सलते ते एक: मोरियाच्या गर्तेत कोसळलेला गँडाल्फ परत आला, तो यायला नको होता. त्यांच्या स्वतःच्या कथामालिकेतही मेलेले परत येतात, परंतु बेरिक डॉन्डॅरियन प्रत्येक वेळी थोडा अधिक झिजून, थोडे अधिक विसरून परत येतो. मरणाची किंमत चुकवल्याखेरीज परतणे नाही, असे जणू ते टॉल्किन यांना ऐकवतात.

गंमत अशी की हा आक्षेप पहिल्याने घेतला तो कोणा नास्तिकाने नव्हे. टॉल्किन यांचे येशूसंघीय मित्र रॉबर्ट मरे यांनी १९५४ सालीच गँडाल्फच्या पुनरागमनात फसवणूक झाल्याचे म्हटले होते, आणि टॉल्किन यांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रात ते ज्या रीतीने मांडले गेले त्यात दोष आहे हे कबूलही केले होते. याच मरे यांना वर्षभरापूर्वी त्यांनी कळवले होते की ही कृती मुळात धार्मिक व कॅथलिक आहे. सुरुवातीला नकळत, पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. ज्या मित्राला आपली श्रद्धा सांगितली त्याच मित्राकडून आपल्या कथेतील पुनरुत्थान कच्चे असल्याचे ऐकून घ्यावे, ही आम्हांला त्या दोघांच्याही श्रद्धेची खूण वाटते.

मार्टिन यांचे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे मध्य-पृथ्वी नव्हे, आमची दफनभूमी आली. पंचवीसहून अधिक वर्षांच्या पौरोहित्यात कितीतरी शवपेट्यांपुढे आम्ही उभे राहिलो. त्यांपैकी काही प्रसंगी, विशेषतः तरुण मुलगा गेला असताना, आम्ही पुनरुत्थानाचे शब्द इतक्या घाईने उच्चारले आहेत की आईला रडायला उसंत मिळाली नाही. बेथानीच्या वेशीवर प्रभू येशू लाझरला उठवणार हे जाणून होता, तरी आधी रडला. आम्ही मात्र रडण्याची पायरी गाळत आलो. मूरकॉक यांनी अंगाईगीत म्हणून ज्याची हेटाळणी केली ते आमच्या व्यासपीठावरून गायले गेलेले आहे, आणि म्हणून त्यांचा निबंध आम्ही रागाने मिटू शकत नाही.

तथापि टॉल्किन यांच्या बाबतीत तो निशाणा चुकतो, असे आमचे मत आहे. चुकतो तो फ्रोडोमुळे. एवढ्या यातना सोसून तो अग्निपर्वताच्या कड्यावर पोचतो आणि ऐन क्षणी हरतो. अंगठी टाकण्याऐवजी ती आपली म्हणून सांगतो. अंगठी नष्ट होते ती नायकाच्या पराक्रमाने नव्हे. पूर्वी कधीतरी एका दीनवाण्या प्राण्याला दया म्हणून जिवंत सोडले होते, तोच तिच्यासह आगीत पडतो. कालगणनेत हा दिवस २५ मार्च आहे, म्हणजे देवदूताने मारियेला संदेश दिला त्या सणाचा. टॉल्किन मात्र याबाबत कथेत चकार शब्द काढत नाहीत. आणि पुढे? फ्रोडो घरी येतो तो त्याचे गाव लुटलेले असते. गाव सावरते, तो सावरत नाही. दरवर्षी ठरावीक तारखांना त्याच्या जुन्या जखमा उमळतात. ज्या भूमीसाठी त्याने सर्व केले तिच्यात त्याला राहता येत नाही. मुलाला झोपवताना अशी गोष्ट कोण सांगेल?

पुलमन यांनी टॉल्किन यांना वेगळ्या कारणासाठी बाद केले. लुईस निदान मोठे प्रश्न विचारतात, भले त्यांची उत्तरे चुकीची असोत. टॉल्किन कॅथलिक असल्यामुळे त्यांच्या लेखी सगळे प्रश्न ख्रिस्तसभेने सोडवूनच ठेवले होते आणि त्यांच्या ग्रंथात शंकेला जागाच नाही, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून आम्हांला हसू आले. आमच्या परिचयाच्या एकाही कॅथलिक माणसाचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, धर्मगुरूंचे तर नाहीतच. टॉल्किन यांचा न सुटलेला प्रश्न ऑर्कांचा होता. हजारोंनी कापले जाणारे ते कुरूप सैनिक कोण? सैतानाने निर्माण केले म्हणावे, तर सैतानाला निर्मितीची शक्ती नाही. भ्रष्ट केलेले जीव म्हणावे, तर त्यांनाही आत्मा असणार, उद्धाराची शक्यता असणार; मग त्यांच्या कत्तलीचे काय? १९५४ साली ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकदुकानाच्या व्यवस्थापकाने असेच काही धर्मतात्त्विक प्रश्न विचारले. टॉल्किन यांनी लांबलचक उत्तर लिहायला घेतले आणि, आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटून, ते पाठवलेच नाही. म्हातारपणीही ते या गाठीशी झगडत होते. त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या कागदांत एकाला एक न जुळणारी उत्तरे सापडतात. मार्टिन यांनी २०१४ साली एका मुलाखतीत अॅरागॉर्नच्या करधोरणाची चौकशी केली, ती गाजली. पण त्याच ओघात त्यांनी विचारले की नव्या राजाने ऑर्कांचे, त्यांच्या तान्ह्या पिलांचे काय केले? हा प्रश्न करधोरणाहून फार मोठा. तो पुस्तकातील खरे छिद्र दाखवतो, आणि त्या छिद्रापाशी लेखक स्वतः रात्री जागत बसला होता.

लुईस यांचा बचाव करणे अधिक अवघड आहे, आणि आम्हांला तो पुरता करता येत नाही. १९५६ सालच्या 'द लास्ट बॅटल'मध्ये पेवेन्सी कुटुंब रेल्वे अपघातात मरण पावते आणि खऱ्या, शाश्वत नार्नियात आनंदाने एकत्र येते. फक्त सुझन तिथे नसते. तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांखेरीज कशात रस उरलेला नाही, असे इतरांकडून कळते आणि तिचे प्रकरण संपते. पुलमन यांच्या रोषाचे केंद्र हेच. २००५ साली जे. के. रोलिंग यांनीही हीच नाराजी बोलून दाखवली. नील गेमन लुईस यांचे निस्सीम चाहते. त्यांनी २००४ साली 'द प्रॉब्लेम ऑफ सुझन' ही कथा लिहिली. तिच्यात एक वृद्ध प्राध्यापिका आहे, जिला तरुणपणी अपघातानंतर आपल्या भावंडांचे मृतदेह ओळखायला जावे लागले होते. कथेतील काही भाग इतका बीभत्स आहे की आम्ही तो कुटुंबात वाचण्याची शिफारस करणार नाही. पण तो मृतदेह ओळखण्याचा प्रसंग लुईस यांच्या पुस्तकात असायला हवा होता. भावंडे स्वर्गात पोचली. मागे राहिली तिचे सांत्वन कोणी केले?

लुईस यांनी १९५७ साली एका बालवाचकाला पत्राने कळवले होते की सुझन अजून जिवंत आहे, तिला सुधारायला पुष्कळ अवधी आहे आणि कदाचित ती आपल्या वाटेने अस्लनच्या देशी पोचेलही. पत्र सुंदर आहे. मात्र ती दया पत्रात आहे, पुस्तकात नाही. एडमंडने मिठाईच्या लोभाने सख्ख्या भावंडांचा विश्वासघात केला, त्याच्यासाठी सिंहाने प्राण दिला. आणि लिपस्टिक लावणारीसाठी एक ओळही नसावी? आम्ही हे इतक्या कडकपणे लिहितो कारण हा दोष आमच्या ओळखीचा आहे. मुलींच्या पोशाखावर व्यासपीठांवरून जितकी प्रवचने झाली तितकी लग्नातील देण्याघेण्यावर झाली नाहीत. मिस्सेला येईनाशा झालेल्या कितीतरी सुझन आमच्या नोंदवह्यांत आहेत. त्यांना आम्ही 'आपल्यातली राहिली नाही' म्हणून मोकळे होतो.

पुलमन यांनी मग स्वतः काय केले? त्यांची त्रयी २००० साली 'द अंबर स्पायग्लास'ने पूर्ण झाली. तिच्यात लायरा आणि विल मृतांच्या अंधाऱ्या प्रदेशात उतरतात आणि कोंडलेल्या आत्म्यांसाठी बाहेरचे दार उघडतात. ते आत्मे हवेत, दवात, ताऱ्यांत विरघळतात. आपल्या प्रियजनांच्या कणांत मिसळण्याची आशा बाळगून, हसत विरघळतात. आम्ही हे प्रकरण वाचून बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलो. अधोलोकात उतरून बंदिवानांना सोडवणारा कोण, हे श्रद्धासूत्र म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सांत्वनाच्या विरोधात उभा राहिलेला लेखकही मेलेल्यांना तसेच सोडून देऊ शकला नाही. पालकांना आमचे उत्तर म्हणून असे आहे: तेरा-चौदा वर्षांच्या, समंजस मुलाला हे पुस्तक जरूर द्या, पण आपणही वाचा, आणि ते प्रकरण त्याच्यासोबत वाचा. इंग्लंडच्या अँग्लिकन सभेचे तेव्हाचे प्रमुख, आर्चबिशप रोवन विल्यम्स, २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी जाहीर संवादाला बसले होते. आपल्याकडे असे कोणी बसल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

टॉल्किन यांच्या त्या अपुऱ्या प्रस्तावनेचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मॅकडोनाल्ड यांची कथा नावडली तरी प्रस्तावनेत परीभूमी म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्यांनी एक छोटे उदाहरण लिहायला घेतले होते: एका केकची गोष्ट. ती वाढत गेली आणि १९६७ साली 'स्मिथ ऑफ वूटन मेजर' या नावाने स्वतंत्र पुस्तक झाली. एका गावच्या मुलांच्या मेजवानीतील केकमध्ये एक तारा दडवलेला असतो. तो एका मुलाच्या पोटात जातो, पुढे त्याच्या कपाळावर चमकतो, आणि त्याच्या बळावर तो लोहार जन्मभर परीभूमीत ये-जा करतो. मग एके दिवशी त्याला सांगितले जाते की तारा परत करायची वेळ झाली, आता तो दुसऱ्या मुलाचा. लोहाराला ते जड जाते. कोणाला द्यावा हे निवडण्याची मुभा मात्र त्याला मिळते, आणि तो आपल्या रक्ताचे मूल निवडत नाही. ज्या पोकळ, गर्विष्ठ आचाऱ्याने परीभूमीची आयुष्यभर टिंगल केली, त्याच्याच पणतवंडाच्या ताटात तो तारा जावा असे सांगतो.